भिकूआजोबांची चंची

चाळीत राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ढेकणांसारखे आपणच जमतात! त्यात आमच्या भोईवाड्याच्या चाळीत खाली डाक्टरचा दवाखाना, खिडकी जिन्याला लागून. कुणाच्या डोक्यात काय बिघडलंय ते डाक्टरच्या आधी जिन्याला कळायचं!

पैज दगड्यानं लावली. "गण्या, डाक्टरला वेडा वाटून दाखव. चार भोवरे तुझे." मी मूर्ख, हो म्हटलं!

बाकावर भिंतीला डोळे लावून बसलो. बोलायचं नाय, हलायचं नाय. डाक्टरनं पापणी उचलली, नाडी बघितली. मग कंपाउंडरला म्हणाला, "खरा घुमा पोरगा दाराकडे बघत नाही. हा सारखा बघतोय, दोस्त हसतात का ते. एरंडेल द्या, दोन चमचे!"

भोवरे राहिले बाजूला, दिवसभर टमरेल घेऊन जिना चढत-उतरत होतो!

*

पाच वर्षांच्या चिमीला आईनं आणलं. "डाक्टर, ही कोपऱ्यात कुणाशी तरी बोलते. भगत म्हणतो, झपाटलीय."

"चिमे, तुझी मैत्रीण आता कुठाय?"

"निजलीय. मी उठवली की उठंल."

डाक्टर हसला. "घेऊन जा. खेळतेय पोर. चाळीतल्या पोरींत सोडा, मैत्रीण आपणच जाईल."

चिमीनं भोकाड पसरलं, "नाय जानार ती!"

*

सखाराम बावीस वर्षांचा, गिरणीतला. तोपण कोपऱ्याशी बोलायचा. मी जिन्यावरून ओरडलो, "यालापण पोरींत सोडा!"

कुणी हसलं नाय.

डाक्टरनं विचारलं, "कोपऱ्यातले ते लोक तू बोलावलेस की येतात?"

"नाय साहेब. जा म्हटलं तरी जात नाय."

डाक्टर चष्मा पुसत बसला. मग सखारामच्या भावाला म्हणाला, "चिमीचा तो खेळ होता. याचं दुखणं आहे. याला एकटा सोडू नका."

घरी आलो. आई कोकणात, बा गिरणीत. मी मडक्याला विचारलं, "काय गं, पाणी हाय का?" आणि घाबरून तोंडच दाबलं!

*

दुसऱ्या दिवशी डाक्टरला गाठला. "मी ना चिमीएवढा, ना सखारामएवढा. माझ्या वयात एकट्यानं बोललं तर काय समजायचं हो?"

"तुझ्या वयात रोग आणि सोंग, दोघांचं तोंड सारखंच. म्हणून तू सगळ्यात अवघड!"

आठवडाभर हे मी चाळीत सांगत फिरलो. थांबून ऐकलं ते फक्त भिकूआजोबांनी.

*

भिकूआजोबा शेजारच्या खोलीतले. आजी वारून चार महिने झालेले. सांजेला दोन विडे लावायचे, एक आजीच्या पाटावर ठेवून तिच्याशी बोलत बसायचे. आणि त्यांच्या वस्तू हरवायच्या. पानाची चंची निघायची तांदळाच्या डब्यात, टोपी पाण्याच्या हंड्यात! मग हाक यायची, "गण्या, मेल्या, सोधूक ये रे!" आम्ही दोघं तास तास शोधायचो. शोधता शोधता ते आजीच्या गोष्टी सांगायचे. सापडलं की गुळाचा खडा.

एक दिवस त्यांचा मुलगा विठोबा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. "बाबांचं डोकं फिरलंय. मेलेल्या आईशी बोलतात, चंची तांदळात ठेवतात, टोपी हंड्यात. चिठ्ठी द्या, वेड्यांच्या इस्पितळात ठेवतो."

डाक्टर म्हणाला, "बायकोशी बोलतात ते दुःख. त्याला औषध माणसंच. पण चंची तांदळात, टोपी हंड्यात? हा म्हातारचळ. हा वाढतच जातो."

आणि टाक उचलला.

जिन्यावर दगड्या माझ्या कानात म्हणाला, "आता मजा!"

मी जिना उतरून आत गेलो. "डाक्टर, चंची मी लपवली. टोपीपण. सगळं मीच."

विठोबानं कानफटात ठेवून दिली. डाक्टरनं टाक खाली ठेवला. "आजोबा, तुम्हाला कधी संशय नाही आला?"

"माका ठावक होतां," आजोबा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत? इस्पितळात गेला असतात!"

आजोबांनी चंची सोडली, पानाला चुना लावला.

"सांगलंय असतंय, तर सोधूक कोण इलो असतो?"