वरचा बांगडा

आमच्या घरात मासळी रोज असायची आणि तरी चांगली मासळी आम्ही कधी खाल्ली नाही. कारण आई मासे विकायची. जयगडच्या जेटीवर पाटी भरायची आणि डोक्यावर घेऊन आतल्या गावांतनं दारोदार फिरायची. सुरमई, पापलेट गिऱ्हाइकाचं. पाटीच्या तळाला जे उरेल, पोट फुटलेला बांगडा नाहीतर चेपलेली मांदेली, ते आमचं. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की सुकट आणि भात, भात आणि सुकट. माझी कॉलेजची फी पापलेटांनी भरली असं मी अजून सांगते. घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे चारचौघांत सांगायला मला आवडतं.

पहिला पगार झाला तसं मी मोठं पापलेट घेऊन घरी आले. आईनं ते कापलं, मधल्या तुकड्या बाबांना आणि मला वाढल्या, स्वतः डोकं घेतलं. "मला डोकंच आवडतं गो." पुढं माझं लग्न झालं, मग मधली तुकडी जावयाची. बाबा गेले, तरी डोकं तिचंच. आईनं एकदा तरी आख्खं पापलेट आपल्या ताटात घेऊन खावं, एवढाच माझा हट्ट. पण आमच्याकडे मासे तळायला टाकले की दारात कोणीतरी चप्पल काढतंच.

यंदा नवरा, मी आणि आई मलेशियाला गेलो. म्हटलं, तिथं तरी कोण येणार जेवायला! मुद्दाम स्वयंपाकघर असलेली जागा भाड्यानं घेतली. आईनं बॅगेत मसाल्याची बरणी आणि आमसुलं आणलीच होती. हॉटेलातल्या नूडल्स तिनं एकदाच चाखल्या. "शेवयांत कोळंबी घातलान! कोण खातंय हे?" त्यानंतर बिस्किटं आणि चहा. म्हणून आम्ही तिघं वाणसामान आणायला निघालो.

दुकान केवढं तर आमची अख्खी वाडी आत मावेल. आत थंडी अशी की आईनं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. नवऱ्यानं ढकलगाडी धरली. तांदूळ, मीठ, तेल, दूध झालं. नारळाशी आई थांबली आणि एकेक नारळ कानाशी नेऊन हलवू लागली. शेजारचा माणूस बघतच राहिला. नवऱ्यानं नारळाच्या दुधाचं खोकं दाखवलं.

"आई, हे घेऊया. खवायला नको."

"आणि पाणी कोण पिलान?"

नारळच घेतला.

मग मासळी. लांबलचक ओट्यावर बर्फ, बर्फावर मासे. शेजारी चिमटे आणि पिशव्या; आपण निवडायचं, पिशवीत घालायचं आणि वजन करून घ्यायचं. विकायला कोणीच नाही. पापलेटं दोनच होती, एक मोठं आणि एक जरा लहान. मी नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं, मोठं आईचं. पिशवी घेऊन वळते तो काय, आईचे दोन्ही हात बर्फात! बांगडे वेडेवाकडे पडलेले तिला बघवेनात. सगळ्यांची डोकी एका बाजूला करून तिनं रांग लावायला घेतली होती.

"आई, हात नको घालू, चिमटा आहे!"

"चिमट्यानं मासा कळतो काय?"

तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेली तिथलीच एक बाई आली. ओट्यामागं कोणी नाही आणि आई मासे लावतेय, म्हणजे हीच विकणारी, असं तिला वाटलं असणार. तिनं पापलेटांकडे बोट केलं. आईनं एका दमात मोठं पापलेट उचललं, कल्ला उघडून लालभडक आतलं दाखवलं, तिच्या पिशवीत टाकलं. आणि सवयीनं, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून, वर एक बांगडा फुकट घातला. दुकानाचा!

"आई! ते आपलं होतं!"

"गिऱ्हाईक समोर उभं असल्यावर माल दडवायचा नसतो," आई म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं. जीभ चावून हसायलाच लागली. नवरा गाडीवर ओणवा होऊन हसत होता. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. साता समुद्रापलीकडे येऊनही चांगलं ते गिऱ्हाइकालाच.

आमचं काय चाललंय ते त्या बाईला शब्द न कळता कळलं. पिशवी परत द्यायला निघाली, तर आईनं दोन्ही हातांनी नाही म्हटलं. मग तिनं राहिलेलं पापलेट उचललं, आईसारखाच कल्ला उघडून आईला दाखवला. आईनं पसंतीची मान डोलावली. बाईनं ते आमच्या पिशवीत घातलं, आणि हसून वर एक बांगडा ठेवला.

परत येताना आईनं पिशवी उघडून तो बांगडा पुन्हा बघितला. मग म्हणाली, "मला कोणी कधी वरचं घातलं नव्हतं गो."

संध्याकाळी पापलेट साफ करून तिनं सुरी घेतली. तुकड्या करणार, मधली जावयाला. मी काही बोलायच्या आधी नवरा म्हणाला, "मला नको आई. आज माझा गुरुवार."

"आज बुधवार ना, जावईबापू?"

"इथं दिवस आपल्या आधी उजाडतो."

आईनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बुधवार की गुरुवार हे तिला पक्कं ठाऊक होतं. "बरं, पाळा," म्हणाली आणि सुरी खाली ठेवली. मासे खाल्ल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, तो माझा नवरा दूधभात कालवून बसला. मला वरचा बांगडा होताच.

त्या दिवशी माझ्या आईनं आख्खं पापलेट खाल्लं. डोक्यापासून शेपटीपर्यंत, एकटीनं.