आवाजात दिसलेला चेंडू

केळीचं ओलं पान कापलं, की त्या वासासरशी मला अर्धापूरच्या मळ्यातली एक दुपार आठवते. मी घरातली नवी सून होते. सामन्याचं शेवटचं षटक चालू असताना लाईट गेली, टीव्ही बंद पडला आणि आम्ही सगळे मळ्याकडे धावलो, कारण माझे आंधळे चुलतसासरे तिथं केळीच्या सावलीत रेडिओ ऐकत बसलेले असायचे. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. बॅटचा आवाज आला, पाठोपाठ मैदानात असा गलका उठला, की समालोचकाचे शब्द त्यात बुडून गेले. "काय झालं, काका?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. काकांनी चेहरा हळूहळू वर उचलला, केळीच्या शेंड्यांवरून पलीकडे नेला आणि शांतपणे म्हणाले, "जाऊन राहिला… गेला. चौका न्हाई, छक्का हाय." मग समालोचकानंही तेच सांगितलं. आम्ही आनंदानं ओरडायचंही विसरलो आणि त्यांच्याकडे बघत राहिलो. "तुम्हाला कसं कळलं?" नवऱ्यानं विचारलं. "दिसला की," काका म्हणाले. काका सामने ऐकायचे ती, देशभर नुसते खेळ ऐकवणारी रेडिओवाहिनी आता बंद झाली, काकाही गेले. टीव्हीवर सामना रंगला, की मी अजून क्षणभर डोळे मिटून बघते. गलका ऐकू येतो, चेंडू काही दिसत नाही.