ट्वायलाचे बावीस तास

ट्वायला हॅस्किन्स एकोणीस वर्षं मार्वच्या खानावळीत तव्यापाशी उभी आहे. मिसूरीतलं एवढंसं गाव, सकाळी सहाला निम्मं तिथंच हादडत असतं. खानावळीची रीत अशी, की आजारी पडलात तर बदली माणूस तुम्हीच फोन करकरून शोधा. नाही मिळाला, तर मुकाट्यानं कामावर या. म्हणजे तापानं फणफणलेल्या बाईनं लोकांची अंडी तळायची! शी!

मग राज्यातल्या लोकांनी मतं देऊन नवा कायदा आणला. किमान मजुरी वाढली, आणि तीस तास राबलं की एक तास भरपगारी रजा, आपल्या किंवा घरच्यांच्या आजारपणासाठी. लावणं सक्तीचं, म्हणून मार्वनं त्याचा कागद झाडू-बादल्यांच्या खोलीत, दारामागे डकवला. ट्वायलानं तो शोधून वाचला आणि तास साठवायला लागली. तिला जोडी नावाची लेक, तिच्या छातीतली गाठ सप्टेंबरात काढायची होती. तेव्हा पोरीच्या उशाशी बसायचं, एवढंच तिच्या मनात.

जूनमध्ये तिला ओकाऱ्या लागल्या. रजा घेता आली असती, पण बाई हट्टी. "असल्या फुटकळ दुखण्यावर मी माझे तास उडवायची नाही," म्हणाली, आणि पायाशी बादली ठेवून ग्रेव्ही ढवळत राहिली.

बावीस तास साठले. तोवर राजधानीत आमदारांनी रजेचा कायदाच मोडीत काढला. ऑगस्टअखेर खेळ खलास. लोकांनी दिलेली मतं गेली केराच्या टोपलीत! कमावलेले तास तरी आपलेच, असं ट्वायला धरून चालली होती.

"कसले तास?" मार्व म्हणाला. "कायदा गेला, तास गेले. जायचंच असेल तर बदली शोध."

तिनं सात जणींना फोन केले. एकीलाही जमेना.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी आमदार हॉलिस क्रेग आले. रजेचा कायदा मोडायला हात वर करून मत देणाऱ्यांतलेच एक. तिकडच्या पावासारख्या मऊ, गरम बिस्किटांवर ग्रेव्ही ओरपत म्हणाले, "ट्वायला, तुझ्या हाताला तोड नाही बघ! आणि कधी खाडा नाही. हल्लीच्या पोरांना नुसत्या रजा हव्यात."

ट्वायला झारा घेऊनच बाहेर आली. "जूनमध्येही तुम्ही हेच म्हणालात, हॉलिस. त्या सकाळी मी दोनदा ओकले होते. तास वाचवत होते, पोरीसाठी. तुम्ही हात वर केलात नि ते गेले. उद्या नऊला तिला आत नेतील, आणि मी इथं तुमची अंडी तळत असेन."

सगळ्या टेबलांवरचे काटे-चमचे थांबले. मार्वला तर तोंड कुठं लपवावं कळेना. हॉलिसनी घास गिळला नाही, हळूच कागदी रुमालात काढला. मग बशी लांब सारत खालच्या आवाजात विचारलं,

"पण आज... आज तर तू ठणठणीत आहेस ना?"