अण्णांची डावी बाजू

"बसण्यात काय असतंय? खेळ नशिबाचा हाय," असं माझे थोरले दीर म्हणायचे, आणि ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सगळं बसण्यातच असतं, हे त्यांच्याइतकं अख्ख्या निपाणीत कुणाला कळत नव्हतं.

आमच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, गोठे वेगळे झाले होते. पण दिवाळीच्या पाडव्याला पंगत एकच, आणि दुपारी बाहेरच्या सोप्यात तीनपानीचा डावही एकच. खेळायला थोरले दीर, म्हणजे अण्णा, आमचे हे आणि शेजारचे दोन तंबाखूचे व्यापारी. पंगतीत धाकट्यानं थोरल्याच्या उजव्या हाताला बसायचं ही घरची रीत. यांनी तीच जाजमावरही चालवली. तीनपानीत पाळी डावीकडे सरकते. म्हणजे यांनी पानं उचलून कपाळाला आठी घातली, की लगेच पाळी अण्णांची. यांचं तोंड बघायचं आणि दाबून लावायचं, एवढंच काम त्यांना.

मला हा खेळ माहेरी, कोगनोळीला, वडिलांनी शिकवला होता. धडाक्यानं लावणारा असेल त्याला आपल्या उजवीकडे घ्यायचा, तो काय करतो ते बघून मग आपण हात घालायचा. भित्रा असेल तो डावीकडे. यांना कितीदा सांगितलं, "अवो, अण्णांच्या डावीला बसा."

"थोरल्याच्या डावीला? लोक शेण घालतील की तोंडात," हे म्हणायचे.

लढाईच्या दिवसांतला एक पाडवा. सकाळी मी म्हशीची शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरं बांधली. म्हैस माझ्या वडिलांनी दिलेली. माझी तान्ही लेक तिच्याच दुधावर वाढत होती. दुपारी यांच्या खिशातलं संपलं, तेव्हा अण्णांना घाबरवायला म्हणून यांनी, मला न विचारता, म्हैस लावली! पानं भिकार. म्हैस बोलतानाही कपाळाला तीच आठी. शेजारी बसलेल्या अण्णांनी ती बघितली आणि शांतपणे म्हणाले, "दाव पानं."

संध्याकाळी रंगवलेल्या शिंगांनिशी म्हैस भिंतीपलीकडे अण्णांच्या गोठ्यात गेली. पलीकडे धार काढल्याचा आवाज यायचा आणि अलीकडे मी लेकीला पेज पाजायची. वर्षभर मी जळत होते.

पुढच्या पाडव्याला डाव मांडला गेला. मी हात पुसले, डोक्यावर पदर घेतला, बाहेर आले आणि अण्णांच्या डाव्या हाताला जाजमावर बसले. हातातल्या पाटल्या काढून पुढ्यात ठेवल्या.

"यांच्या जागी आज मी खेळते. तुमी म्हैस लावा."

व्यापारी खाली बघू लागले. अण्णा म्हणाले, "बाईमाणसासंगं आमी खेळत न्हाय."

"ऱ्हाऊ द्या. मग नुसती हितं बसते. बसण्यात काय असतंय, अण्णा?"

त्यांनी हातातला पत्त्यांचा जोड जाजमावर फेकला आणि उठून मागच्या परड्यात निघून गेले. डाव मोडला. हे माझ्यावर ओरडले, "ऊठ! घराची अब्रू घालवलीस!" मी उठले नाही. बसण्यात काय असतंय म्हणणारा उठून गेला होता, आणि ओरडा मला!

म्हैस अर्थातच त्यांच्याच दावणीला राहिली.

मग रात्री पंगतीची पानं मांडली. अण्णा येऊन बसले आणि आमचे हे, काही झालंच नाही असे, त्यांच्या उजव्या हाताला बसले. मी पुरणपोळीचं ताट घेऊन निघाले. सगळ्यांना वाढलं, अण्णांनाही वाढलं. यांच्या पानात वाढलं नाही.