थंड शेगडी

मर्तिकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून आमची गॅसची शेगडी सकाळपासून थंड आहे. मी तिच्याकडे बघत बसलोय.

दवाखान्याच्या कागदावर बायकोच्या तापाला ‘पायरेक्सिया’ म्हटलं होतं. दुपारी विद्युतदाहिनीपाशी भट्टीची धग मोजणारं यंत्र दिसलं, तेव्हा ‘पायरोमीटर’ हा शब्द मनात आपोआप उमटला. ‘पायर’ म्हणजे ग्रीक भाषेत अग्नी, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवत आलो. पोरं घोकायची आणि मार्क मिळवायची. तोच शब्द आज तापापासून भट्टीपर्यंत हिच्यासोबत गेला, आणि मी जसा काही कुणाचा तरी पेपर तपासत उभा होतो. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या सुमनताई पिठलं-भात घेऊन आल्या. मी त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं आणि तसाच उभा राहिलो.

“अहो सर, ठेवा ना ते खाली! मी फडक्यात धरून आणलंय, आणि तुम्ही नुसत्या हातांनी काय धरताय?”

मी पातेलं थंड शेगडीवर ठेवलं. तळहात लालभडक झाले होते. भाजलंय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.