अकरा नंबरचा अभ्यास

आमच्या रुग्णालयाच्या ग्रंथपाल बाईंना सगळे चाळणीताई म्हणायचे. एखाद्या औषधावरचे जगभरचे अभ्यास गोळा करून डॉक्टरांनी आढावा लिहिला, की त्याची संदर्भयादी बाईंकडून चाळून यायची. स्वल्पविराम चुकला तरी कागद परत. मी पलीकडच्या टेबलावर आकडेमोड करायचो आणि मनातल्या मनात त्यांच्यावर जळायचो, कारण चुका माझ्याच सापडायच्या, त्यांच्या कधीच नाहीत.

त्या दिवशी तीनला बैठक होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना एका औषधाचा डोस दुप्पट करावा, असं आमचा आढावा सांगत होता. बैठकीत होकार मिळाला की संध्याकाळपासून वॉर्डात तो सुरू.

दोन वाजता चाळणीताई यादी शेवटची बघायला बसल्या. त्यांची रीत ठरलेली: प्रत्येक अभ्यासाची प्रत आपल्या संगणकात साठवायची, तीच उघडून ताडायची आणि लाल खूण करायची. नेमका तेव्हाच त्यांचा संगणक अडला, म्हणून माझ्या संगणकावर त्यांनी अकरा नंबरचा अभ्यास थेट नियतकालिकाच्या साइटवर उघडला. वर ठळक पट्टी होती: आकडे बनावट आढळल्याने हा अभ्यास मागे घेतला आहे. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. त्यांची प्रत वर्षापूर्वीची. त्या प्रतीला बिचारीला काय ठाऊक, बाहेर काय झालं ते. यादीत बरोबरची लाल खूण मात्र पहिल्या तपासणीतच झाली होती.

आढावा लिहिणारे मोठे डॉक्टर ते पाहून म्हणाले, "अहो, तेरा अभ्यासांतला एक. काय आभाळ कोसळतंय? बैठक होऊ द्या, दुरुस्ती मागाहून पाठवू."

मी तो वगळून पुन्हा गणित केलं. सगळ्यात मोठा अभ्यास तोच होता. तो गेला आणि दुप्पट डोसचा फायदाही गेला; धोका तेवढा उरला. तीनला पाच मिनिटं कमी होती. खरं सांगतो, मला गप्प बसावंसं वाटलं. हात दाखवून अवलक्षण कशाला?

"अभ्यास मागे घेता येतो," चाळणीताई म्हणाल्या. "बाळाच्या पोटात गेलेला डोस कसा मागे घ्यायचा, डॉक्टर?"

चाळणीताई बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी." डोस थांबला. मला हायसं वाटलं.

मग वॉर्डच्या प्रमुख बाईंनी शांतपणे विचारलं, "ताई, आजवरचे किती आढावे तुम्ही असे साठवलेल्या प्रतींवरून तपासलेत?"

चाळणीताईंनी खुर्चीची पाठ धरली.

"सगळे," त्या म्हणाल्या.