पाठमोऱ्या डॉक्टरचं वाक्य

हुबळीजवळ मळमड्डीत राहणाऱ्या मंगला गलगली कन्नड मालिकांचे संवाद मराठीत लिहितात. बेंगळुरूची एक कंपनी त्यांना भाग पाठवते आणि त्या पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून, पडद्यावरच्या माणसांचे ओठ बघत बघत मराठी वाक्यं बसवतात. ओठ मिटायच्या आत वाक्य संपलं पाहिजे, एवढा एकच नियम. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलेल्या बाईंना सुरुवातीला या कामाची गंमत वाटली. सहा महिन्यांत ती गेली. दर चौथ्या भागात कोणीतरी दाराआडून अर्धंच बोलणं ऐकायचं. वारा नसताना देवघरातला दिवा विझायचा. डॉक्टर बाहेर येऊन चष्मा काढायचा आणि म्हणायचा, चोवीस तासांनंतरच काही सांगता येईल. हे चोवीस तासांचं वाक्य बाईंनी अकरा वेळा लिहिलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या घरातला आजार मात्र असा नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान मुकुंदराव सुभाष रोडवर स्कूटरवरून पडले आणि डोक्याला मार लागला. जीव वाचला. पण गेल्या चाळीस वर्षांतलं बरंचसं पुसलं गेलं, आणि त्याबरोबर मराठीही गेली. शाळेत आणि कचेरीत बोललेली कन्नड तेवढी शिल्लक राहिली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या सकाळी बाईंनी चहा दिला, तेव्हा त्यांनी अदबीनं विचारलं, "यार्री नीवु?" कोण हो तुम्ही? बाईंनी कन्नडातच आपलं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पाहुण्याला सांगावं तसं बसायला सांगितलं.

हुबळीच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. थोडं परत येईल, थोडं येणार नाही, वर्षं लागतील, त्यांची परीक्षा घेत बसू नका. बाईंनी ते ऐकून घेतलं. बाकी कोणी ऐकलं नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण एखादा उपाय घेऊन यायचा, आणि तो हमखास टीव्हीतला असायचा. लग्नातला शालू नेसून समोर उभ्या राहा. त्यांच्या आवडीचं गाणं लावा. एकानं तर डोक्याला पुन्हा तसाच मार बसला तर, असं अर्धवट हसत सुचवलं होतं. सगळ्यांत पुढे होत्या मुकुंदरावांच्या थोरल्या बहीण, हुबळीच्या सुलभाक्का. भावावर त्यांचा फार जीव, आणि मालिकांवरही.

अशी दोन वर्षं होत आली, तेव्हा बाईंच्या मालिकेतल्या नायकाची हरवलेली स्मृती परत यायची वेळ झाली. बायको त्याला अपघाताच्या वळणावर घेऊन जाते, हॉर्न वाजतो, तो डोकं धरतो आणि तिला नावानं हाक मारतो. तिच्या तोंडी बाईंनी लिहिलं, "जिथं तुम्ही मला विसरलात, तिथंच मी तुम्हाला आठवेन." वाक्य ओठांवर चपखल बसलं. बाईंना त्या दिवशी जरा बरंही वाटलं होतं.

तो भाग दाखवला गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात बाई दुपारी कामासाठी सप्तापूरला गेल्या होत्या. घरी अक्का भावाजवळ बसल्या होत्या. तासाभरात फोन आला तो सुभाष रोडवरच्या परशुराम नावाच्या भांडीवाल्याचा. मुकुंदरावांना मी दुकानात बसवून ठेवलंय, लगेच या, म्हणाला. अक्का त्यांना रिक्षात घालून पडल्या जागी घेऊन आल्या होत्या. भर रस्त्यात उभं केलं होतं आणि रिक्षावाल्याला हॉर्न वाजवायला सांगितलं होतं. मुकुंदराव कानांवर हात दाबून खालीच बसले. बाई पोचल्या तेव्हा त्यांची पँट ओली झाली होती.

अक्का पदराला डोळे पुसत होत्या. हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं बाईंनी विचारलं.

"तूच लिहिलंयस की, मंगला," अक्का म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. ते वाक्य त्यांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवलं.

पुढे आठ दिवस मुकुंदरावांनी उंबरठा ओलांडला नाही. कोणी हात लावला तरी दचकायचे. बाईंनी बेंगळुरूला फोन करून कंपनीतल्या श्रीहर्षला सगळं सांगितलं आणि असले प्रसंग बदलता येतील का, असं विचारलं. तो भला माणूस, हळहळला. पण मूळ गोष्ट बदलायचा आपल्याला हक्क नाही, आणि लोकांना हेच लागतं, म्हणाला. बाईंनी फोन ठेवला आणि पुढचे भाग उघडले. आता सासूची स्मृती गेली होती आणि सुनेची कपटी जाऊ टपून बसली होती.

एका प्रसंगात डॉक्टर सुनेशी बोलत होता, पण कॅमेऱ्याकडे त्याची पाठ होती. ओठ दिसत नव्हते. मुळात तो म्हणत होता, देवावर भरवसा ठेवा. बाईंनी लिहिलं, "धक्का देऊन आठवणी परत येत नसतात. त्यांना कुठंही ओढून नेऊ नका. काही गोष्टी कदाचित कधीच येणार नाहीत." श्रीहर्षचा फोन आला. पाठ दिसतेय म्हणून जाऊ देतो, पण एकदाच, असं तो म्हणाला.

तो भाग लागायचा होता त्या संध्याकाळी बाईंनी अक्कांना मुद्दाम बोलावून घेतलं. पडद्यावर डॉक्टर बोलला. बाई अक्कांचा चेहरा बघत होत्या.

अक्कांनी नाक मुरडलं. "याला त्या जावेनं विकत घेतलंय बघ. खरा डॉक्टर असं बोलेल का?"

बाईंनी टीव्ही बंद केला. "ते मी लिहिलंय, अक्का. आणि हुबळीच्या खऱ्या डॉक्टरांनी ते मला समोर बसवून सांगितलंय. हे मला पुन्हा मंगला म्हणतील की नाही, मला माहीत नाही. दोन वर्षं मी रोज हे गिळतेय, आणि रोज कोणीतरी येऊन मला मालिका सांगतंय."

अक्कांनी विचारलं, "मग मी काय करू?"

काही करू नका, नुसतं जवळ बसा, कन्नडात बोला, एवढंच बाई म्हणाल्या. अक्का रुसून गेल्या. पंधरा दिवस फोन नाही. आता मात्र दर मंगळवारी येतात, भावाशेजारी बसून भाजी निवडतात आणि हुबळीच्या बाजारातल्या गोष्टी कन्नडात सांगतात. मुकुंदराव कधीकधी हसतात.

डॉक्टरबद्दल अक्कांचं मत बदललं नाही. गेल्या महिन्यात आलेल्या भागांत तो डॉक्टर खरंच जावेनं विकत घेतलेला निघाला. आठवणींबद्दल आपण खोटं बोललो, ही त्याची कबुली बाईंनाच लिहावी लागली, आणि या वेळी चेहरा अगदी समोर होता. चार वेळा खोडून त्यांनी ती बसवली, पाठवली आणि गोळ्या द्यायला आतल्या खोलीत गेल्या.

मुकुंदरावांनी गोळी घेतली आणि कन्नडात विचारलं, तुम्ही कुठे नोकरी करता का? घरीच काम करते, असं बाईंनी सांगितलं. त्रासाचं काम दिसतंय, ते म्हणाले. बाई हो म्हणाल्या, पाण्याचा पेला उचलला आणि पुढचा भाग लावायला गेल्या.